ह्यांच्या गळाला आमिष

आमचे हे कित्येक वर्षं समुद्रावर मासे धरायला जातात, आणि ह्यांना जिवंत कोळंबी गळाला लावता येत नाही. ही गोष्ट आमच्या दोघांतच होती. आमच्या मुलीला ती माहीत नाही. बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तर ह्यांना मासेमारीतले मोठे जाणकार समजतात. ह्यांच्याबरोबर समुद्रावर येणाऱ्या मंडळींना वाटतं की मी तिथे थर्मासमधला चहा ओतायला जाते. वाटू दे.

पुण्यात राहून समुद्राचा नाद करणं म्हणजे घाट उतरायचा, उन्हात तापायचं, पुन्हा घाट चढायचा आणि सोमवारी कंबर धरून बसायचं. हे सरकारी नोकरीत होते तेव्हा महिन्यातून एखादा रविवार जमायचा. निवृत्त झाल्यापासून भरती-ओहोटीच्या वेळा आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या असतात, आणि नातेवाईक त्या वेळा बघून लग्नं ठरवत नाहीत म्हणून हे नाराज असतात. होडीबिडी काही नाही. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या वाळूत उतरायचं, गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, लाटा फुटतात त्याच्या पलीकडे गळ फेकायचा आणि वाट बघायची. मेलेली कोळंबी लावली तर हलक्या दर्जाचे शिंगाळे मासे लागतात, नाहीतर खेकडे आमिष फस्त करून निघून जातात. जिताड्याला जिवंत, हलणारं काहीतरी लागतं. मोठा चोखंदळ मासा आहे, शिळं खात नाही. ह्या बाबतीत त्याचं आणि ह्यांचं चांगलं जमतं.

लग्नानंतरच्या पहिल्या का दुसऱ्या हिवाळ्यात मी ह्यांच्याबरोबर समुद्रावर गेले. खाडीत पागाचं जाळं टाकणाऱ्या एका माणसाकडून ह्यांनी जिवंत कोळंबी घेतली, पाण्याच्या डब्यात ठेवली, त्यातली एक उचलली आणि गळ जवळ नेला. कोळंबीने शेपूट मारली. ह्यांचा हात असा मागे आला की कोळंबी एकीकडे आणि गळ एकीकडे. पुन्हा तेच, मग आणखी एकदा तेच. हे वाकून वाळूत कोळंबी शोधत राहिले. मी डब्यात हात घातला, एक कोळंबी धरली, शेपटीच्या शेवटच्या पेरातून गळ आरपार काढला आणि ह्यांच्या हातात दिला. माहेरी मासे साफ करायचं काम माझ्याकडेच असायचं, मला त्यात विशेष काही वाटलं नाही. हे नुसते "हं" म्हणाले आणि पाण्याकडे गेले. न बोलता जे ठरलं ते पुढे कायम झालं.

पुढे बरोबर इतर मंडळी यायला लागली, तेव्हा आम्ही एक पद्धत बसवून घेतली. आमिषाचा डबा आम्ही जरा लांब ठेवायचो. मी त्याच्याजवळ पाठमोरी बसायची, पिशवीत बिस्किटं शोधत असल्यासारखी. हे येऊन माझ्याशेजारी उकिडवे बसायचे आणि रीळ अडकल्यासारखं करायचे. ह्यांचं रीळ दर थोड्या वेळाने अडकतं याचं कुणाला कधी नवल वाटलं नाही. मी पदराआड कोळंबी लावून द्यायची आणि हे उठून जायचे. लोकांसाठी आम्ही दोघं रीळ सोडवत होतो.

हे रविवारी विहारात जातात, पंचशील म्हणतात; त्यातलं पहिलं जीवहत्या न करण्याचं. एकदा मला म्हणाले, "जिवंत जीव हातात धरला की पहिलं शील आठवतं गं." मी विचारलं, मग जिताडा तळून ताटात आला की कितवं आठवतं? त्यानंतर ह्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. शीलाचा काही संबंध नव्हता. हात भितो, एवढंच. आणि खरं सांगायचं तर ह्यांचा हात भितो हे मला मनापासून आवडायचं. ऑफिसात ज्यांच्या सहीसाठी लोक ताटकळायचे, घरात जे कुणाचं ऐकायचे नाहीत, त्यांचं एका बोटभर कोळंबीपुढे माझ्यावाचून अडायचं.

मग माझा गुडघा गेला. वाटी बदलली. डॉक्टरांनी जिना बंद केला, मांडी घालणं बंद केलं आणि वाळूत चालणं तर बऱ्याच महिन्यांसाठी बंद केलं. मी दवाखान्यातून घरी येऊन काठीने चालायला लागले, तेव्हा ह्यांना म्हटलं, तुम्ही कशाला अडकून पडता, जाऊन या. आपण हे मोठ्या मनाने म्हटलं असं मला तेव्हा वाटत होतं. आत कुठेतरी खात्री होती की हे जातील, मेलेली कोळंबी लावतील, एखादा शिंगाळा घेऊन येतील आणि म्हणतील, तू नसलीस की काही खरं नाही.

संध्याकाळी ह्यांनी जो जिताडा आणला त्याची शेपटी बर्फाच्या खोक्यातून बाहेर आली होती. सोसायटीचा वॉचमन पाहायला वर आला. मुलीला फोटो गेला. मी सोफ्यावर पाय लांब करून बसले होते, तिथूनच विचारलं, "कोळंबी जिवंत होती?"

"कोळंबी नव्हतीच. चिलापी होती, जिवंत."

"लावली कुणी?"

हे खोक्यातला बर्फ मोरीत ओतत होते. "त्या मांजरीच्या ताईंनी," म्हणाले, आणि पाण्याचा नळ जरा जास्तच सोडला.

मांजरीच्या ताई म्हणजे ह्यांच्या मंडळींत नव्याने आलेली एक बाई. पुण्याजवळच्या मांजरी गावात त्यांचा ऊस आहे. बरीचशी जमीन बिल्डरला गेली, तिथे आता टॉवर उभे आहेत, आणि उरलेल्या रानात बाईंनी शेततळं करून घेतलं आहे. मी तिला एकदा कुणाच्या तरी साखरपुड्यात पाहिलं होतं. वयाने माझ्याएवढीच. दोन्ही हातांत सोन्याच्या पाटल्या, आवाज खणखणीत. ती स्वतः गळ टाकते, नवरा गाडी चालवतो आणि समुद्रावर पोचलं की झोपतो. ह्यांना ती भाऊ म्हणते. भाऊ म्हणते म्हणून मी बोलणार नाही असं थोडंच आहे.

जिताडा मी शिजवला. हे दोनदा मागून जेवले. मला त्यात काही चव लागली नाही, आणि लागली असती तरी मी सांगितलं नसतं. रात्री ह्यांच्या मंडळींच्या ग्रुपवरचा फोटो मोठा करून पाहिला. मधोमध हे, तोंडभर हसताहेत, हातात मासा. माशाच्या शेपटीला खालून आधार देणारा एक हात फोटोत आला होता, मनगटापर्यंतच. मनगटात पाटल्या.

मला मत्सर वाटला. कोणाला काय वाटेल म्हणून त्याला दुसरं नाव देत बसण्यात अर्थ नाही. बाई देखणी आहे का, ह्यांच्या मनात काही आहे का, असले प्रश्न मला पडले नाहीत. ह्यांना मी ओळखून आहे, ह्यांना भाजीवालीशी घासाघीस करायलासुद्धा संकोच वाटतो. मला जाळत होतं ते वेगळंच. त्या बाईने आमिष लावून दिलं म्हणजे ह्यांनी तिला सांगितलं असणार, की मला लावता येत नाही. हे वाक्य ह्यांनी माझ्यासमोर आयुष्यात कधी उच्चारलं नाही. मी ते नुसतं पाहून ओळखलं होतं आणि पदराआड सांभाळलं होतं. तिला ते तोंडाने सांगितलं. ते म्हणताना ह्यांचा चेहरा कसा झाला असेल, हे राहून राहून माझ्या मनात येत होतं, आणि तो चेहरा तिने पाहिला होता.

त्यानंतर हे दर उधाणाच्या भरतीला जायला लागले आणि आमच्या घरात चिलापीपुराण सुरू झालं. चिलापी हा तळ्यातला मासा, पण चिवट. घाट उतरताना कोळंबी जशी उकाड्याने मरते तशी ही मरत नाही. ताई शेततळ्यातून बोटाएवढी पिल्लं काढतात, ड्रममध्ये घालतात, निघायच्या आधी काही दिवस त्या पाण्यात थोडं थोडं खडे मीठ टाकत जातात. मासा खाऱ्या पाण्याला सरावतो. मग समुद्रात टाकला तरी तासन्‌तास पोहतो आणि जिताडा आपणहून चालून येतो. ताई असं म्हणतात, ताई तसं करतात. आमटीत मीठ कमी पडलं तरी ह्यांना ताईंचा ड्रम आठवायचा. मी दर वेळी विचारायची, "आज लावली कुणी?" आणि हे दर वेळी तेच उत्तर द्यायचे, "ताईंनी." नजर ताटात.

एक दिवस माझ्या डोक्यात आलं की मीठच टाकायचं आहे ना, ते मला कुणी शिकवायला नको. खडकवासल्याकडून मासे आणणारा एक जण आमच्या चौकात बसतो. त्याला सांगून ठेवलं आणि ह्यांना न कळता बोटाएवढ्या जिवंत चिलापी मागवल्या. काठी टेकत मंडईपाशी रिक्षाने जाऊन खडे मीठ आणलं, वाटेतल्या दुकानातून बुडबुडे सोडणारा पंप घेतला. गॅलरीत कपड्यांचा टब रिकामा केला. माझं कैरीचं लोणचं आजवर बिघडलेलं नाही आणि त्याचं मीठ मी कधी मोजलेलं नाही. मीठ जिभेवर कळतं. तेव्हा मी मूठमूठ मीठ टाकत गेले आणि बोट बुडवून चाखत गेले, समुद्राची चव येईपर्यंत. काही दिवस घेत बसायला मला वेळ नव्हता. परवा उधाणाची भरती होती आणि ह्यांनी ताईंचा नव्हे तर माझा ड्रम न्यावा, एवढंच मला हवं होतं.

सकाळी हे दात घासत गॅलरीत गेले आणि तिथेच थांबले. सगळ्या चिलापी पांढरी पोटं वर करून टबात तरंगत होत्या. पंप आपला बुडबुडे सोडत होता.

"अगं, हे काय आहे?"

"कढी," मी म्हणाले.

ह्यांनी टबात बोट बुडवून चाखलं. हसले असते तर मी एखादे वेळी हसलेही असते. पण हे हसले नाहीत, अगदी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "ताई दोन-तीन दिवस घेतात गं. हळूहळू टाकतात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मासे सोसायटीच्या मांजरांना घातले. टब मी स्वतः घासला, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली असताना.

त्याच दिवशी मी जाहीर केलं की उद्या मीही येणार. डॉक्टरांनी सपाट जमिनीवर चालायला परवानगी दिली होती. हे म्हणाले, वाळू सपाट नसते. मी म्हणाले, मी गाडीतून बघेन. मुलीचा फोन आला, तिनेही समजावलं. मला कुणी समजवायला लागलं की माझा गुडघा जास्तच सरळ चालतो.

पहाटे निघालो. मांजरीकरांची जीप आमच्या मागे होती, तिच्यात ड्रम. घाटाच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा बाई आधी जीपच्या मागे गेली, ड्रमचं झाकण उघडून आत पाहिलं, हात घालून पाणी ढवळलं, मग माझ्याकडे आली. पायांत पुरुषी गमबूट, डोक्याला रुमाल.

"वहिनी, गुडघा कसा हाय आता?"

"आहे जागेवर," मी म्हणाले.

"आल्या ते लई बरं केलं. भाऊ सारखं तुमचंच काढत्यात."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माझं काय काढतात, कुणापुढे काढतात आणि तिला ते ऐकायला वेळ कसा मिळतो, हे विचारायचं अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात ह्यांनी तिला विचारलं, "पाणी फार तापलं नाही ना?" आणि दोघं ड्रमबद्दल बोलायला लागली, आमच्या मुलीला ताप आला की आम्ही दोघं बोलायचो तशी. मी माझा चहा संपवला. गोड होता, मला बिनसाखरेचा लागतो, हे ह्यांना माहीत आहे.

समुद्रावर पोचल्यावर ह्यांनी गाडीतून प्लास्टिकची खुर्ची काढली आणि भरतीच्या रेषेच्या खूप वर, सुरूच्या सावलीत ठेवली. "तू इथे बस. खाली उतरू नकोस." म्हणजे मी प्रेक्षक. शेजारी दुसरी खुर्ची होती, तिच्यावर त्या बाईचे यजमान डोळ्यांवर टोपी घेऊन पसरले होते.

"तुम्ही नाही जात?" मी विचारलं.

"मला खायापुरतं बोलवत्यात," ते टोपीखालून म्हणाले. "धरायचं येड तिचं हाय. तुमचं आन् माझं एकच काम, वाट बघायची."

तुमचं आन् माझं एकच. हे ऐकून माझं अंग आणखीच फणफणलं. मला त्या माणसाच्या रांगेत बसायचं नव्हतं. मी इथे वाट बघायला येत नसे, कामाला येत असे, पण हे त्यांना सांगता येत नव्हतं, कारण मग कुठलं काम तेही सांगावं लागलं असतं.

मंडळी किनाऱ्यावर पांगली. ती बाई पार पलीकडे, खाडीच्या तोंडापाशी जाऊन पाण्यात उभी राहिली. पाठ आमच्याकडे. तिच्या रॉडला बहुतेक काहीतरी लागलं असावं, ती मागे रेलून रीळ फिरवत होती. इकडे ड्रम वाळूत, आणि हे एकटेच ड्रमकडे येत होते. मी सरळ होऊन बसले. आता ह्यांना तिला हाक मारावी लागणार होती, आणि तिला यायला वेळ नव्हता. मग ह्यांनी वर, माझ्याकडे बघितलं असतं. माझी खात्री होती. मी चपला काढून ठेवल्या, काठी हातात घेतली.

ह्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग ड्रमकडे तोंड करून उकिडवे बसले, अगदी आम्ही बसायचो तसे, लोकांना पाठ करून. पण मी वर होते आणि बाजूने मला सगळं स्वच्छ दिसत होतं. ह्यांनी ड्रममध्ये हात घातला. चिलापी काढली, मुठीत धरली. तिने शेपूट मारली. ह्यांचा हात जागचा हलला नाही. ह्यांनी अंगठ्याने तिचं तोंड उघडलं, वरच्या ओठातून गळ काढला, एकदा ओढून पाहिलं, आणि उठून पाण्याकडे चालू लागले. एवढंच झालं. हे सगळं होईपर्यंत एखादी लाट आली आणि गेली असेल.

मी खुर्चीत तशीच बसून राहिले. बाईने लावलेलं परवडलं असतं. ती उद्या आजारी पडली असती, तिच्या नातवाचं बारसं आलं असतं, तिचं शेततळं आटलं असतं, आणि मी पुन्हा माझ्या जागेवर गेले असते. इथे जागाच उरली नव्हती.

मी खाली निघाले. मागून यजमानांनी "वहिनी, वाळू हाय," असं काहीतरी म्हटलं. काठी रुतत होती, गुडघा ठणकत होता, आणि मला इतका राग आला होता की दोन्ही मला लांबून कुणीतरी सांगितल्यासारखं कळत होतं. मी ड्रमपाशी पोचले तेव्हा ह्यांनी मला पाहिलं. दोरी गुंडाळत धावतच आले. आमिष मध्येच कुठेतरी गेलं होतं, गळ रिकामा होता.

"अगं, तुला सांगितलं होतं ना..."

"गळ रिकामा आहे तुमचा."

हे क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग ड्रमशेजारी उकिडवे बसले, एक चिलापी काढली आणि गळ माझ्यापुढे धरला. "लावून दे ना," म्हणाले. चिलापीने शेपूट मारली आणि ह्यांनी हात मागे घेतला. मासा वाळूत पडला. हुबेहूब पूर्वीसारखं. मला माहीत नसतं तर मी फसले असते.

"मी मघाशी पाहिलं," मी म्हणाले.

हे मान खाली घालून वाळूतला मासा उचलायला लागले. उचलला, ड्रमच्या पाण्यात सोडला. पुन्हा हात ड्रमच्या काठावर ठेवले.

"पहिल्यांदा त्यांनीच लावून दिली," हे म्हणाले. "दुसऱ्या वेळी म्हणाल्या, भाऊ, शिकून घ्या. मग शिकलो."

"आणि मला दर वेळी सांगत होतात, ताईंनी लावली."

"हो."

"का?"

ह्यांनी चष्मा काढला. ह्यांचा स्वभावच आहे तो, महत्त्वाचं असलं की आधी चष्मा पुसायचा. चष्मा पुसला. मग म्हणाले, "तुला आत नेलं ना ऑपरेशनला, त्याआधी माझी सही घेतली. काही झालं तर, म्हणून. मी बाहेर बाकावर बसलो होतो. मनात आलं, ही बाहेर आली नाही तर? मग बसल्या बसल्या आठवत होतो, मला एकट्याला काय काय येतं. काहीच येईना गं. कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या, तेसुद्धा येईना. हे तर नाहीच. म्हटलं, निदान एक गोष्ट तरी..." पुढे बोलले नाहीत. "तुला कसं सांगणार हे?"

मला माझ्या नवऱ्याची दया यायला हवी होती. पुढे आली, पण तेव्हा नाही. तेव्हा मला डोळ्यांपुढे एक माणूस दिसला, माझ्यामागे उरलेले हे. चष्मा लावलेला, थोडा वाकलेला, ह्याच वाळूत ड्रमपाशी बसलेला. मी कुठेच नाही. त्याने मासा काढला, गळाला लावला, उठला आणि पाण्याकडे गेला, त्याचं कुठे काही अडलं नाही. मांजरीच्या बाईचा मला कधी वाटला नव्हता इतका मत्सर त्या माणसाचा वाटला. त्याच्याकडे समुद्र होता, भरती होती, आणि माझा नवरा होता.

"म्हणजे आधी मीच जाणार, हे तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत," मी म्हणाले.

"तसं नाही गं..."

"मग कसं? तुमचं वय काय, शुगर किती? बाकावर मी बसले असते तर?"

ह्यांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. इतक्या वर्षांत मी असंख्य गळांना आमिष लावून दिलं होतं, पण एकदाही रॉड हातात घेऊन फेकला नव्हता. कुणी नको म्हटलं नव्हतं, मलाच कधी सुचलं नव्हतं. फेकणं ह्यांचं होतं.

"मला फेकायला शिकवा," मी म्हणाले.

"आत्ता? गुडघा बघ तुझा."

"गुडघ्याने फेकतात का?"

चिलापी मी लावली, ओठातून, ह्यांनी लावली होती तशी. काठी वाळूत रोवली आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. हे मागे येऊन उभे राहिले. माझा एक हात रिळाच्या वर ठेवला, दुसरा खाली दांड्याच्या टोकाला, आणि माझ्या हातांवर आपले हात ठेवले. दोरीवर बोट कसं ठेवायचं आणि कधी सोडायचं ते सांगितलं. पहिली फेक फेसातच पडली, माझ्या पायांपासून जेमतेम पुढे. दुसरी तिरकी गेली. लांबून ती बाई आपला मासा घेऊन वाळूतून येत होती, चांगला मोठा होता. जवळ येऊन थांबली, बघत राहिली.

"वहिनी, बोट उशिरा सोडताय. रॉड वर आला की सोडून द्यायचं बगा."

"हे सांगताहेत मला," मी म्हणाले.

तिने ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हसली आणि ड्रमकडे निघून गेली. ती पुरती लांब जाईपर्यंत मी फेकलं नाही.

पुढची फेक बरी गेली. त्यानंतरची आणखी बरी, पहिल्या फुटणाऱ्या लाटेपर्यंत. पण जोर ह्यांचा होता, ते मला माझ्या हातांवर कळत होतं.

"असं नाही शिकता येणार," मी म्हणाले. "हात काढा आता तुम्ही."

"काढतो," हे म्हणाले. काढले नाहीत, आणि मीही पुन्हा म्हणाले नाही.